सकाळी काठावर लाटा, दुपारनंतर मध्ये फुगवटा: तांब्याची पट्टी लाटताना काय बिघडतं

प्रश्न थोडक्यात असा. बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) एका छोट्या युनिटमध्ये दोन-रोल कोल्ड रोलिंग मिल, म्हणजे धातू न तापवता दोन रोलांमध्ये दाबून पातळ करणारं यंत्र, आहे. रोलचा व्यास २०० मिमी, बॅरलची (रोलच्या प्रत्यक्ष दाबणाऱ्या भागाची) लांबी २५० मिमी, दोन्हीकडच्या बेअरिंगांमधलं अंतर साधारण ४०० मिमी. ट्रान्सफॉर्मरच्या कामासाठी १०० मिमी रुंद ईटीपी तांब्याची (विजेच्या कामाचं, किंचित ऑक्सिजन असलेलं शुद्ध तांबं) पट्टी ३ मिमीवरून ०.८ मिमीवर आणायची आहे. सध्या सहा पास घेतात (पट्टी रोलांमधून एकदा काढणं म्हणजे एक पास), शेवटचा पास १.०० वरून ०.८० असा. सकाळी दोन्ही काठांवर लाटा येतात, दुपारनंतर काठ सरळ होतात पण मधला भाग फुगतो. ग्राहकाला जाडी ±०.०२ मिमीमध्ये हवी आहे, ती सांभाळता येत नाही. रोलांमधली फट कमी करणारा स्क्रू आवळला तरी जाडी म्हणावी तशी उतरत नाही. काही कॉइलींचे काठ फाटतात. त्यासाठी चार-रोल मिल (दोन बारीक रोल आणि त्यांना मागून आधार देणारे दोन जाड रोल) घ्यावी का?

मिलबद्दल आधी बोलत नाही, ते शेवटी. 'सकाळी' आणि 'दुपारनंतर' हे तुमच्या प्रश्नातले सगळ्यात महत्त्वाचे शब्द आहेत. मशीन तेच, माल तोच, ऑपरेटर तोच आणि दोष घड्याळाप्रमाणे बदलतो, तर तिथे बदलणारी गोष्ट एकच असते: रोलचं तापमान. पण ते समजण्याआधी लाट मुळात का पडते ते नीट पाहू, कारण इथेच बहुतेकांची गल्लत होते.

पोळी लाटताना पीठ चारी बाजूंना सरकतं. काठाला जरा जास्त दाब पडला तर पोळी तिकडे थोडी पसरते, तरी सपाटच राहते. धातूच्या पातळ पट्टीत ही सोय नाही. रुंदी जाडीच्या दहापटीहून जास्त झाली की धातू आडवा जवळजवळ सरकतच नाही. जाडी जितकी कमी होते तितकी सगळी लांबीत जाते. आता पट्टीवर उभ्या रेघा मारून तिचे वीस अरुंद फिते कल्पनेत करा. प्रत्येक फित्याची जाडी जितके टक्के उतरेल तितकाच तो लांब होणार. काठाचा फिता मधल्यापेक्षा किंचित जास्त दाबला गेला तर तो किंचित लांब होतो, पण शेजारच्याला जोडलेला असल्यामुळे सुटू शकत नाही. मग ती जादा लांबी लाट होऊन वर उठते. मधला जास्त दाबला गेला तर तीच गोष्ट मध्ये घडते आणि तिथे फुगवटा येतो.

हा 'किंचित' किती, हे आकड्यांत पाहिलं तर डोळे उघडतात. पट्टीचा एक मीटरचा तुकडा कापून सरफेस प्लेटवर ठेवा. समजा लाटेची उंची ३ मिमी आणि दोन शिखरांमधलं अंतर ३०० मिमी भरलं. उंचीला अंतराने भागायचं, १.५७ ने गुणायचं आणि आलेल्या संख्येचा वर्ग करायचा. उत्तर ०.०००२५ येतं. म्हणजे काठ मधल्यापेक्षा एका मीटरमागे फक्त पाव मिलिमीटर लांब आहे. मिलवाल्यांच्या भाषेत हे २५ आय-युनिट झाले. एक आय-युनिट म्हणजे एक लाखात एक भाग. जाडीत बोलायचं तर ०.८ मिमीच्या पट्टीत हा फरक ०.२ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). शॉपवरचा साधा मायक्रोमीटर १० मायक्रॉनचं एक घर दाखवतो. म्हणून "काठ आणि मध्य दोन्हीकडे माप सारखंच येतं, मग लाट कशी?" या प्रश्नात विसंगती काहीच नाही. मायक्रोमीटरला जे दिसू शकत नाही, ते पट्टी स्वतः उंच करून दाखवते.

तेव्हा नियम असा: काठ आणि मध्य यांची जाडी सारखी असणं सपाटपणासाठी गरजेचं नाही, दोन्ही ठिकाणी होणारी घट टक्केवारीने सारखी असणं गरजेचं आहे. आत येणारी पट्टी मध्ये १ टक्का जाड असेल तर बाहेर जातानाही ती मध्ये १ टक्काच जाड राहिली पाहिजे. तिला एका पासात 'सरळ' करायला गेलात की काठ किंवा मध्य यांपैकी एक बिघडणारच.

आता तुमच्या मिलचा हिशेब. शेवटच्या पासात १.०० ची ०.८० करताना तांबं आधीच कडक झालेलं आहे; मऊ असताना त्याची यील्ड (ज्या दाबाला धातूचा आकार कायमचा बदलायला लागतो) ६०-७० मेगापास्कल असते, ती आता ३३० च्या पुढे गेलेली असते. रोल आणि पट्टी यांच्या संपर्काची लांबी म्हणजे त्रिज्या गुणिले जाडीतली घट, याचं वर्गमूळ: १०० × ०.२ चं वर्गमूळ, सुमारे ४.५ मिमी. इतक्या दाबाखाली रोल स्वतःही चपटतो आणि १०० ऐवजी १२५ मिमी त्रिज्येचा असल्यासारखा वागतो, म्हणून लांबी ५ मिमीपर्यंत जाते. घर्षणांक ०.०८ धरून जोर निघतो २३ ते २४ टन. तुलनेसाठी पहिला पास पाहा: ३.० ची २.५ केली तरी मऊ तांब्याला साडेसात टन पुरतात. घट अर्ध्याहून कमी आणि जोर तिप्पट, हे पातळ मालाचं वैशिष्ट्य आहे.

२३-२४ टनांखाली २०० मिमीचा रोल ४०० मिमीच्या अंतरात किती वाकतो? पट्टीच्या १०० मिमी रुंदीत मध्य आणि काठ यांच्यातला फरक प्रत्येक रोलमागे साधारण दीड मायक्रॉन, दोन्ही मिळून ३. ऐकायला नगण्य वाटतं. पण ०.८ मिमीमध्ये ३ मायक्रॉन म्हणजे जवळजवळ ०.३८ टक्के, आणि वर पाहिलंच की ०.०२५ टक्क्यालाच ३ मिमीची लाट उठते. म्हणून रोलला उभार देऊन ग्राइंड करतात: मध्ये व्यास किंचित जास्त, टोकांना कमी. तुमच्या मापांसाठी २५० मिमी बॅरलवर व्यासात सुमारे ०.०२ मिमीचा उभार हे वाकणं भरून काढतो.

आणि आता उष्णता. पोलादाचा प्रसरणांक अंशाला ०.००००११५. रोलचा मध्य टोकांपेक्षा १० अंशांनी गरम झाला तर २०० मिमी व्यासावर ०.०२३ मिमी वाढ होते. ग्राइंडिंगवाल्याकडून पैसे देऊन करून घेतलेल्या उभाराइतकाच उभार उष्णता फुकट चढवते, तोही तुम्हाला न विचारता. शिवाय पट्टी १०० मिमीची आणि बॅरल २५० ची, त्यामुळे गरम होणारा भाग मधलाच. सकाळी रोल थंड, उष्णतेचा उभार शून्य, तेव्हा वाकणं वरचढ ठरतं आणि काठ जास्त दाबले जातात. दोन-तीन तास चालल्यावर मध्य तापतो, उभार वाढत जातो, मध्येच एक छान तास येतो ज्यात पट्टी सपाट निघते, आणि त्यानंतर मध्य फुगायला लागतो. जानेवारीत हा 'छान तास' उशिरा येतो, मे महिन्यात लवकर.

करायचं काय? पहिलं, चालू स्थितीतला तापमानाचा फरक मोजा. इन्फ्रारेड गन चकाकणाऱ्या रोलवर चुकीचं, बहुधा बरंच कमी वाचन देते. तिच्यावर विसंबू नका. मिल तीन तास चालल्यावर थांबवा, वीज तोडून कुलूप लावा, आणि टेकवायच्या थर्मामीटरने मध्य, पट्टीच्या काठाची जागा आणि बॅरलचं टोक अशी तीन वाचनं दोन मिनिटांच्या आत घ्या. असं तीन दिवस करा. समजा मध्य आणि टोक यांतला स्थिर फरक ६ अंश आला, तर उष्णतेचा उभार ०.०१४ झाला. मग ग्राइंडिंगचा उभार ०.०२ चा नको, ०.००५ ते ०.००७ चाच हवा. सवयीने ०.०५ चा उभार देणारे ग्राइंडर पुष्कळ आहेत, आणि तो मऊ, जाड मालाला खपूनही जातो, तुमच्या ०.८ ला मात्र तो दुपारी हमखास फुगवणार. ड्रॉइंगवर उभाराचा आकडा, तो व्यासात की त्रिज्येत, आणि किती लांबीवर, हे तिन्ही लिहून द्या. 'व्यासात की त्रिज्येत' या एका संदिग्धतेने उभार दुप्पट होऊन येतो.

दुसरं, पाळीची आखणी बदला. ०.८ चा शेवटचा पास सकाळी पहिल्यांदा घेऊच नका. पहिला तास-सव्वा तास जाड मालाचे पास घ्या. तिथे एवढ्या फरकाने लाट पडत नाही आणि रोल कामाच्या तापमानाला येतात. जेवणाच्या सुट्टीनंतरही हीच शिस्त पाळा, निदान एक जाड कॉइल आधी. रुंद माल आधी आणि अरुंद नंतर घ्या. उलट केलंत तर अरुंद पट्टीने रोलवर पाडलेली झीज रुंद पट्टीवर उमटते.

तिसरं, रोल थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या फवाऱ्याला मध्य आणि दोन काठ असे तीन वेगळे व्हॉल्व्ह लावा. सगळ्यात कमी खर्चाची आणि सगळ्यात जास्त उपयोगाची सुधारणा हीच. किती उष्णता निघते याचा अंदाज असा: कडक तांब्यात १८ टक्क्यांच्या पासात दर घन सेंटीमीटरला सुमारे ७० ज्यूल काम होतं, म्हणजे पट्टीच २० अंशांनी तापते. ६० मीटर प्रति मिनिट वेगाने ९० घन सेंटीमीटर धातू दर सेकंदाला जातो, तेव्हा सव्वासहा किलोवॉट. त्यातली बरीच पट्टीबरोबर जाते, उरलेली रोलमध्ये शिरते. मिनिटाला ४० लिटर इमल्शन (पाण्यात तेल मिसळून केलेलं कूलंट) दोन अंशांनी तापून परतलं तर साडेपाच किलोवॉट उचलतं, त्यामुळे एवढा प्रवाह तुम्हाला पुरे. गरज जास्त पाण्याची नाही, योग्य जागी पाण्याची आहे. मध्य फुगायला लागला की मधला व्हॉल्व्ह वाढवा आणि काठाचे थोडे कमी करा. मग पंधरा मिनिटं हात लावू नका. रोल जाडजूड आहे, तो सावकाश प्रतिसाद देतो. पाच मिनिटांत परिणाम दिसला नाही म्हणून पुन्हा फिरवलेला व्हॉल्व्ह अर्ध्या तासाने उलट दोष घेऊन येतो.

एकाच काठाला लाट असेल तर हे सगळं लागू नाही. ते रोल तिरके असण्याचं लक्षण आहे. सारख्या जाडीच्या शिशाच्या मऊ तारेचे दोन तुकडे बॅरलच्या दोन्ही टोकांजवळ एकाच वेळी घालून काढा आणि मोजा, फरक ०.०१ च्या आत आणा. आत येणारी पट्टीच एका बाजूला जाड असेल, मोठ्या कॉइलच्या काठाकडून स्लिट केलेल्या (उभ्या कापून काढलेल्या) पट्टीत हे होतं, तर रोल समांतर असूनही एका काठाला लाट येणार.

पासांची वाटणी मी अशी ठेवेन: ३.०० वरून २.४०, मग १.८७, १.४५, १.१२, ०.९२ आणि शेवटी ०.८०. टक्क्यांत २०, २२, २२.५, २३, १८ आणि १३. पास तुमच्याइतकेच सहा आहेत, फक्त जास्त घटीचा भार सुरुवातीच्या पासांकडे सरकवला आहे. एकूण घट ७३ टक्के, ईटीपी तांब्याला मध्ये अॅनिलिंगची (भट्टीत तापवून मऊ करण्याची) गरज नाही. पहिल्या पासात ०.६ च्या पुढे जाऊ नका, कारण रोल पट्टी पकडायला हवेत. पकडीची मर्यादा घर्षणांकाचा वर्ग गुणिले त्रिज्या, म्हणजे ०.०८ × ०.०८ × १०० = ०.६४ मिमी. ही अडचण फक्त टोक आत घालताना असते, एकदा पट्टी पकडली की रोल याहून जास्त घट ओढू शकतात. म्हणून टोक फाईलने उतरतं करून घ्या. पकड मिळावी म्हणून कूलंट बंद करून कोरड्या रोलवर पट्टी घालण्याची सवय असेल तर ती सोडा, पहिल्या मीटरभरात तांबं रोलला चिकटतं.

शेवटच्या दोन पासांमागे एक हेतू आहे. ०.९२ च्या पासात जोर सुमारे २३.५ टन येतो, ०.८० च्या पासात १९.५. जाडीने भागा: पहिल्यात मिलिमीटरला २५.५, दुसऱ्यात २४.४. जवळजवळ सारखं. वाकणं जोराच्या प्रमाणात असतं, तेव्हा जोर आणि जाडी एकाच प्रमाणात उतरले तर काठ आणि मध्य यांच्या फरकाची टक्केवारीही तीच राहते. तुमच्या सध्याच्या १.०० वरून ०.८० या २० टक्क्यांच्या पासात जोर उतरत नाही, जाडी मात्र उतरते. काठाला लाट तिथेच जन्मते. घर्षण तुमच्या तेलावर ठरत असल्यामुळे हे टनांचे आकडे थोडे हलतील, पण प्रमाण टिकेल. लोडसेल (जोर मोजणारं उपकरण) नसेल तर मोटरचा अँपिअर पाहून कल घेता येतो. मी तरी स्क्रूखाली दोन लोडसेल बसवायला सांगेन, कारण आकड्याशिवाय ही वाटणी बसवणं म्हणजे अंधारात चाचपडणं.

जाडी आणि स्क्रूचं कोडं. मिलचं हाउसिंग (चौकट), स्क्रू, चॉक (बेअरिंग धरणारे ठोकळे), बेअरिंग हे सगळं जोराखाली ताणतं. छोट्या मिलची ताठरता मिलिमीटरला १०० टन धरली तर २४ टनांना फट ०.२४ मिमी उघडते. बाहेरची जाडी म्हणजे रिकाम्या मिलची फट अधिक हा ताण. स्क्रू ०.०१ आवळला की जोर वाढतो, ताणही वाढतो, आणि जाडी त्याच्या निम्म्याहूनही कमी उतरते. ०.०१ मिमी खाली यायचं तर स्क्रू निदान ०.०२ ते ०.०२५ फिरवावा लागतो. तेव्हा तुमचा स्क्रू झिजलेला नसेलही, हिशेब एवढाच आहे. मिलची खरी ताठरता काढून ठेवा: रोल एकमेकांना टेकवा, फिरते ठेवून स्क्रू ०.०५ च्या टप्प्यांनी आवळा, प्रत्येक टप्प्याला जोर लिहा आणि त्याचा आलेख काढा. सुरुवातीचे काही टन वाकडे येतील, तिथे खेळ निघत असतो. पुढची सरळ रेघ तुमच्या कामाची. हा कागद मिलजवळ लावून ठेवण्यासारखा आहे.

यातून दुसरी गोष्ट निघते. कॉइल एका टोकाला १० टक्के जास्त कडक असेल तर जोर दोन टनांहून जास्त बदलतो आणि जाडी ०.०१ मिमीने. मूळ ३ मिमी पट्टीत असमान अॅनिलिंग असेल, भट्टीत कॉइलचा बाहेरचा थर पूर्ण मऊ आणि आतला अर्धवट, तर ±०.०२ मधली निम्मी मुभा तिथेच संपली. म्हणून येणाऱ्या प्रत्येक कॉइलचं सुरुवात, मध्य आणि शेवट असं जाडीचं व हार्डनेसचं माप घ्या. मऊ तांबं साधारण ४५ ते ५५ व्हिकर्स (हार्डनेसचं एकक) असावं. एका टोकाला ५० आणि दुसऱ्याला ७५ भरलं तर ऑपरेटरला दोष देऊ नका.

जाडी ठरावीक अंतराने वर-खाली होत असेल तर रोलकडे पाहा. २०० मिमी रोलचा परीघ ६२८ मिमी. पट्टी रोलपेक्षा किंचित वेगाने बाहेर पडते, म्हणून खूण ६३५ ते ६५० मिमीवर परत येते. चरा, डाग, जाडीची लाट, काहीही असो, आधी दोन खुणांमधलं अंतर टेपने मोजा. अंतर याहून बरंच जास्त असेल तर खूण आधीच्या पासात पडलेली आहे आणि लांबली आहे: १.४५ ला पडलेली खूण ०.८० ला पोचेपर्यंत १.८ पट लांब होते, म्हणजे साडेअकराशे मिमीच्या पुढे. या एका मापाने दोष कोणत्या पासातला ते कळतं. आडव्या, जवळजवळच्या रेघा एकसारख्या पडत असतील तर मिल थरथरते आहे. वेग १०-१५ टक्के बदलून पाहा. रेघांमधलं अंतर वेगाबरोबर बदललं तर कंपन बाहेरचं, फाउंडेशन बोल्ट किंवा शेजारच्या दुसऱ्या यंत्राच्या मोटरचं. तेच राहिलं तर गिअरचे दात किंवा रोल ग्राइंड करताना राहिलेले ठसे.

ताणाबद्दल. पुढचा आणि मागचा ताण, म्हणजे रोलच्या दोन्ही बाजूंनी पट्टीला दिलेली ओढ, रोलिंगचा जोर कमी करतो, त्यात मागचा जास्त कामाचा. ०.८ × १०० म्हणजे ८० चौरस मिमी. ६० मेगापास्कल ताणाला सुमारे ४९० किलो ओढ लागते, आणि कडक तांब्याच्या यील्डच्या एक तृतीयांशाच्या आत ती सहज बसते. पण लक्षात असू द्या, एवढ्या ताणाखाली पट्टी ०.०५ टक्के लवचीकपणे ताणली जाते, म्हणजे ५० आय-युनिटपर्यंतची लाट झाकली जाते. मिलवर आरशासारखी सपाट दिसलेली पट्टी ग्राहकाच्या टेबलावर उलगडते तेव्हा तिला लाटा येतात. सपाटपणा चालत्या मिलवर पाहायचा नसतो. प्रत्येक कॉइलचा मीटरभर तुकडा कापून मोकळा ठेवून पाहा.

फाटणाऱ्या काठांकडे मी वेगळ्या नजरेने पाहीन, कारण इथे दोष रोलिंगचा असण्याची शक्यता कमी आहे. चांगलं ईटीपी तांबं ८०-९० टक्के थंड घट काठ न फाटता सोसतं. तुमच्या ७३ टक्क्यांत ते फाटतंय तर आत काहीतरी आहे. सगळ्या कॉइलींना बारीक, नियमित भेगा असतील तर स्लिटिंग तपासा: कटर बोथट झाले किंवा त्यांची फट जाडीच्या ५ ते १० टक्क्यांबाहेर गेली की काठाला बर (धारदार कंगोरा) येतो, पुढच्या पासात तो दुमडून आत दाबला जातो आणि तिथून भेग सुरू होते. हाच बर पुढे ट्रान्सफॉर्मरच्या इन्सुलेशन पेपरलाही कापतो, तेव्हा तो दोन्ही कारणांनी काढायलाच हवा.

काहीच कॉइली फाटत असतील, तुम्ही तसंच लिहिलं आहे, तर त्या कॉइली कोणत्या भट्टीत आणि कोणत्या वायूत अॅनिल झाल्या ते विचारा. ईटीपी तांब्यात दोनशे ते चारशे पीपीएम ऑक्सिजन ऑक्साइडच्या रूपात असतो. भट्टीत वापरल्या जाणाऱ्या क्रॅक केलेल्या (तापवून विघटन केलेल्या) अमोनियात ७५ टक्के हायड्रोजन असतो. गरम तांब्यात हा हायड्रोजन सहज शिरतो, ऑक्साइडशी मिळून वाफ तयार करतो, आणि ती वाफ दाण्यांच्या सीमा आतून उकलते. पट्टी बाहेरून गुलाबी, स्वच्छ, देखणी दिसते. रोलमध्ये गेली की काठ विस्कटतात. पितळ किंवा पोलाद अॅनिल करणाऱ्या भट्टीत ईटीपी घातलं की हे होतं. परीक्षा सोपी: अॅनिल केलेली पट्टी १८० अंशांत घट्ट दुमडा, उलगडा, परत दुमडा. चांगलं तांबं सोसतं, हायड्रोजन लागलेलं घडीवर दाणेदार होऊन तुटतं. खात्री हवी असेल तर नमुना पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा, दाण्यांच्या सीमांवर काळ्या ठिपक्यांची माळ दिसते. असं परीक्षण समजून घ्यायला बडोद्यात दूर जायला नको, एम. एस. युनिव्हर्सिटीचा धातुशास्त्र विभाग कलाभवनातच आहे. अशा कॉइलीवर उपाय नाही, ती वितळवायला परत पाठवा. ईटीपीसाठी कोरडा नायट्रोजन वापरा, ४०० ते ४५० अंश, दोन ते तीन तास, आणि थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) कॉइलच्या आतल्या वेढ्यात घाला, भट्टीच्या हवेत नको. तापमान फार वर नेलंत तर वेढे एकमेकांना चिकटतात आणि दाणे मोठे होऊन वाकवल्यावर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो.

इमल्शन ३ ते ५ टक्के पुरे, पीएच ८.५ ते ९.२ दरम्यान. बोअरच्या जड पाण्यात ते फाटतं आणि वर साय येते, आरओचं पाणी घ्या. बेअरिंगमधून गळणारं तेल रोज वरून काढा. सल्फर असलेलं तेल तांब्याजवळ फिरकूही देऊ नका, अॅनिलिंगनंतर तपकिरी डाग पडतात आणि ते जात नाहीत. शेवटच्या पासानंतर पट्टी कोरडी पुसून बाहेर पडली पाहिजे. पावसाळ्यात ओली गुंडाळलेली कॉइल दोन दिवसांत काळवंडते.

एक गोष्ट कळकळीने. चालू रोल पुसायचेच असतील तर ते पट्टी बाहेर पडते त्या बाजूने, जिथे रोल हात बाहेर ढकलतात. आत ओढणाऱ्या बाजूने कधीही नाही, सैल हातमोजा किंवा कापसाचा बोळा घेऊन तर नाहीच. ६० मीटर वेगाने पट्टी सेकंदाला एक मीटर आत जाते. बोट मागे घ्यायला तेवढा वेळ मिळत नाही. आतल्या बाजूला पट्टीच्या उंचीपुरतीच फट ठेवणारा गार्ड आणि हाताशी येणारी इमर्जन्सी दोरी, या दोन्ही नसतील तर वरच्या कुठल्याही सुधारणेआधी त्या बसवा.

राहिली चार-रोल मिल. १०० मिमी रुंद आणि ०.८ मिमी जाड पट्टीसाठी ती घेऊ नका. तुमचं वाकणं ३ मायक्रॉनचं आहे, ते योग्य उभार आणि तीन व्हॉल्व्ह यांत बसतं. पण उद्या ३०० मिमी रुंद पट्टीची ऑर्डर आली तर चित्र पालटतं: जोर तिप्पट, रुंदीमुळे वाकण्याचा परिणाम आणखी नऊपट, आणि तुमच्या २५० मिमी बॅरलवर ती पट्टी बसणारही नाही; २०० मिमी व्यासाचाच पण लांब बॅरलचा रोल घेतला तरी मध्य-काठ फरक ८० मायक्रॉनच्या पुढे जातो. तो ना ग्राइंडिंगच्या उभाराने सावरतो, ना पाण्याने. तिथे बारीक वर्क रोल आणि त्यामागे जाड बॅकअप रोल हवेतच. ०.३ मिमीखाली जायचं असेल तरीही हवेत, कारण मोठ्या व्यासाचा रोल पातळ, कडक पट्टीवर स्वतःच चपटत जातो आणि आवळलेला जोर पट्टीऐवजी रोलमध्येच मुरतो. म्हणून आधी ग्राहकाकडून पुढच्या दोन वर्षांची रुंदी आणि जाडी लेखी घ्या, आणि तोपर्यंत रोलच्या तापमानाची ती तीन दिवसांची वाचनं पूर्ण करा.